आभासातील तारतम्य

एखादी वस्तू मुळातच आभासरूप आहे असे एकदा ठरल्यावर तिच्यातील अमुक भाग खरा आणि तमुक भाग खोटा असा भेद करण्यात काही अर्थ उरतो काय, हा प्रश्न आपल्या शास्त्रकारांनी शेकडो वर्षे घोळविला असला, तरी तो नगर शहरातील, म्हणजे सरकारदप्तरी आता अहिल्यानगर झालेल्या गावातील, एखाद्या संगणकाच्या दुकानात काउंटरवर कोपरे टेकून उभ्या असलेल्या विशी-बाविशीतील मुलांनी हमरीतुमरीवर येऊन लढवावा, ही गोष्ट आमच्या पिढीच्या कल्पनेत बसणारी नव्हती. वादाचे निमित्त असते ग्राफिक्स कार्ड. संगणकावरील खेळाची चित्रे घडविणारे हे यंत्र. त्याची थोरवी मोजावयाची ती एका सेकंदात ते किती चित्रे, म्हणजे किती फ्रेम्स, पडद्यावर आणते यावरून. आणि 'या कार्डावर तो गेम दोनशेच्या वर जातो' असे एकाने म्हणावे की दुसऱ्याने 'त्यातल्या खऱ्या किती?' असे विचारावे, हा त्या वादाचा ठरलेला शिरस्ता. विचारणाऱ्याला आपण प्रमाणशास्त्राच्या गाभ्याला हात घातला आहे याची जाणीव असो वा नसो, प्रश्न अस्सल आहे आणि तो थट्टेवारी नेण्यासारखा नाही.

वादाला जोर चढला तो २०२५ च्या जानेवारीत. लास व्हेगास येथील सीईएस प्रदर्शनात एनव्हिडिया कंपनीचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी जाहीर केले की, ५४९ डॉलरांचे नवे आरटीएक्स ५०७० हे कार्ड आधीच्या पिढीतील १,५९९ डॉलरांच्या आरटीएक्स ४०९० इतके काम देईल. भारतात या नव्या कार्डाची किंमत ५९,००० रुपयांपासून सांगितली गेली, तेव्हा पुण्याच्या फेऱ्या करून, मित्रांकडे चौकशा करून, एकेक भाग जमवीत पीसी उभा करणाऱ्या नगरच्या मुलांना ही वार्ता केवढी मोहक वाटली असेल याची कल्पना करता येते. पण दोन्ही कार्डांचा तपशील समोरासमोर मांडला की हा जाहीरनामा डोळ्यांत खुपू लागतो: ४०९० मध्ये १६,३८४ गणनकेंद्रे आणि २४ जीबी स्मृती, ५०७० मध्ये ६,१४४ गणनकेंद्रे आणि १२ जीबी स्मृती. निम्म्या किंवा त्याहूनही कमी सामग्रीत तेवढेच काम व्हावयाचे तर कोठेतरी निराळी युक्ती असली पाहिजे, आणि ती होतीच. डीएलएसएस ४ मधील मल्टी फ्रेम जनरेशन हे तिचे नाव. खेळाच्या गणितावरून रीतसर काढलेल्या प्रत्येक फ्रेममागे तीन फ्रेम्स यंत्र आपल्या अदमासाने रचून घालते. त्यातही रीतसर काढलेली फ्रेम लहान आकारात काढून मोठी केलेली असते. ३८४० गुणिले २१६० बिंदूंच्या पडद्यावर ८२,९४,४०० बिंदू असतात, परंतु 'परफॉर्मन्स' नावाच्या रीतीत त्यांच्या चौथ्या हिश्शाचेच गणित केले जाते. चार बिंदूंपैकी एक आणि चार फ्रेम्सपैकी एक असा हा हिशेब असल्याने, आपण जे पाहतो त्याच्या सोळा भागांपैकी पंधरा भाग तर्काने भरलेले असतात. आणि ही गोष्ट कंपनीने लपविली तर नाहीच, उलट भूषण म्हणून सांगितली.

ही मधली फ्रेम जन्मास कशी येते ते नीट समजून घेतल्यावाचून तिचा निवाडा करणे योग्य होणार नाही. यंत्र आधी एक फ्रेम काढते, मग पुढची काढते. मात्र ही पुढची लागलीच पडद्यावर न आणता किंचित काळ रोखून ठेवते, दोहोंची रुजवात घालते, कोणता बिंदू कोठून कोठे गेला असावा याचा ठाव घेते, आणि मधल्या तीन अवस्था रचून, आधी त्या आणि मग ती रोखलेली फ्रेम, अशा क्रमाने दाखविते. दप्तरातील अस्सल कागद आणि प्रकरण संपल्यावर कोणी सावकाशीने लिहिलेली बखर यांत इतिहाससंशोधक जो भेद करतात, तोच भेद या दोन प्रकारच्या फ्रेम्समध्ये आहे. बखरकाराला शेवट आधीच ठाऊक असतो; म्हणूनच त्याची कथा अस्खलित वाहते, आणि म्हणूनच तिच्यावर दावा लावता येत नाही. कागद अडखळतो, मधूनच फाटलेला निघतो, पण तो त्या घटकेचा असतो.

येथे शांकरमताचा एखादा कडवा अनुयायी मध्येच आडवा येईल आणि म्हणेल की, पडद्यावरचा सारा प्रपंचच प्रातिभासिक, तेथे अस्सल काय आणि बखर काय. स्वप्नात मिळालेल्या नाण्यांपैकी खोटी नाणी निवडून बाजूला काढणाऱ्या माणसाला आपण शहाणा म्हणतो काय? हा युक्तिवाद वरवर निरुत्तर करणारा आहे, आणि घरातील वडीलधारी मंडळी पुष्कळदा त्याचीच ढोबळ आवृत्ती मुलांना ऐकवितात. परंतु ज्या दर्शनाने दोरीवर दिसणारा साप आणि व्यवहारातील दोरी यांत सत्तेच्या दोन पायऱ्या मानल्या, दोहोंनाही परमार्थतः मिथ्या म्हणत असताना त्यांना एका मापाने मोजण्यास मात्र नकार दिला, त्या दर्शनाला आभासात तारतम्य असते हे तत्त्व मान्यच करावे लागते. आणि एकदा दोन पायऱ्या मान्य केल्या की तिसरीला व चौथीला मज्जाव करण्याचा मुखत्यारनामा त्याच्यापाशी उरत नाही. सरसकट सर्वांस मिथ्या म्हणून मोकळे होणे हा तत्त्वज्ञानातील आळस आहे, असे माझे मत आहे.

या प्रश्नाची अधिक सूक्ष्म उकल करणारा ग्रंथ याच गावात, भुईकोट किल्ल्याच्या तटाआड, एका राजबंद्याच्या टेबलावर पडून होता, हे फार थोड्यांच्या ध्यानात असते. १९४२ च्या ऑगस्टपासून काँग्रेसच्या कार्यकारिणीची मंडळी या किल्ल्यात स्थानबद्ध होती. नेहरूंनी येथे १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या काळात 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले, मौलाना आझादांची 'गुबार-ए-खातिर'मधील पत्रे येथलीच, आणि ही दोन नावे नगरकर अभिमानाने सांगतात. पण त्याच कोठड्यांत आचार्य नरेंद्र देव यांनी वसुबंधूचा 'अभिधर्मकोश' फ्रेंच अनुवादाच्या आधारे हिंदीत आणण्याचे काम चालविले होते, याची वाच्यता क्वचित होते. वसुबंधू सांगतो की, संस्कृत म्हणून जे जे आहे, म्हणजे कारणांपासून घडलेले आहे, ते उपजताच नाश पावते. नाशाला निराळे कारण लागत नाही. आणि म्हणून कोणतीही वस्तू एका जागेवरून दुसऱ्या जागी जात नाही. येथे एक उपजते व मावळते, शेजारी दुसरी उपजते व मावळते, आणि या लगतच्या उत्पत्तींना आपण 'गती' म्हणतो. खेळातील योद्धा पडद्यावर धावतो तेव्हा अक्षरशः हेच घडते. धावणारा तेथे कोणी नसतो. असतात त्या केवळ फ्रेम्स.

आणि अभिधर्माची मंडळी नुसत्या तत्त्वावर थांबणारी नव्हती, त्यांनी क्षणाचा जमाखर्चही मांडून ठेवला आहे. १२० क्षणांचा एक तत्क्षण, ६० तत्क्षणांचा एक लव, ३० लवांचा एक मुहूर्त आणि ३० मुहूर्तांचे एक अहोरात्र. गुणाकार केला तर दिवसाचे ६४,८०,००० क्षण होतात, आणि दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत ते वाटले तर एका सेकंदाला बरोबर ७५ क्षण येतात. बाजारातील साधा पडदा सेकंदाला ६० वेळा नवे चित्र धरतो, त्याहून किंचित बरा ७५ वेळा, आणि खेळासाठी घेतलेला १४४, १६५ किंवा २४० वेळा. म्हणजे वसुबंधूच्या मापाने पाहिले तर आमच्या तरुणांनी विश्वाच्या ठोक्यापेक्षाही बारीक ठोका विकत घेण्याचा चंग बांधला आहे! यावरून प्राचीनांना सर्व ठाऊक होते असा निष्कर्ष काढण्याची जी खोड आपल्याकडे बळावली आहे तिला मी उत्तेजन देऊ इच्छीत नाही. आकडा जुळला हा योगायोग आहे. मात्र जगाचे सातत्य हे तुटक घटनांवर चढविलेले आवरण आहे, ही दृष्टी योगायोगाची नव्हे.

प्रसंगोपात्त आणखी एक मौज सांगितली पाहिजे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आलेला 'ब्लॅक मिथ: वूकाँग' हा चिनी खेळ आणि त्याच्या सोबतीने दिलेले मोफत चाचणीसाधन यांवर आज कार्डांची परीक्षा पुष्कळ ठिकाणी घेतली जाते. त्याचा नायक वानर ज्या कादंबरीतून आला, तिच्यात तो एका यात्रेकरू भिक्षूचा शिष्य आहे. आणि त्या भिक्षूचे ऐतिहासिक मूळ जो ह्युएन त्संग, त्याने सातव्या शतकात पुलकेशीच्या महाराष्ट्राला भेट दिली, आणि मायदेशी परतल्यावर 'अभिधर्मकोशा'चे चिनीत भाषांतर केले. क्षणिकवादाच्या भाषांतरकाराचा वानर क्षणांच्या शर्यतीत मोजमापाचा गज होऊन बसावा, यापरता विनोद कोणत्याही विनोदी लेखकाला सुचला नसता.

परंतु 'खरी फ्रेम' म्हणून जिचा एवढा कैवार घेतला जातो ती तरी कितपत खरी? २०१८ पासून या कार्डांत किरणमार्गणाची, रे ट्रेसिंगची, सोय आली. निसर्गात प्रकाश दिव्यापासून निघून वस्तूवर आदळून डोळ्यात शिरतो. हे यंत्र मात्र किरण डोळ्याच्या स्थानापासून सोडते, तो वस्तूवर जाऊन आदळला की तेथून दिव्याचा शोध घेते, कारण डोळ्यापर्यंत न पोहोचणाऱ्या असंख्य किरणांचे गणित करणे परवडणारे नसते. आमच्या नैयायिकांचे म्हणणे तंतोतंत हेच होते की चक्षू तैजस आहे आणि त्याचा रश्मी बाहेर पडून विषयाला भिडतो. बौद्धांनी या मताची यथेच्छ टर उडविली आणि आधुनिक पदार्थविज्ञानाने ते निकालात काढले. तरी यंत्रांच्या राज्यात न्यायसूत्रकार गौतमाचे सूत्र पुन्हा वहिवाटीस लागले आहे. असो. मुद्दा असा की, प्रत्येक बिंदूसाठी सोडलेले किरण इतके मोजके असतात की चित्र आधी रवाळ, ठिपक्याठिपक्यांचे उमटते, आणि मग ते ठिपके भोवतालच्या रंगांवरून अदमासाने भरून काढावे लागतात. म्हणजे अस्सल कागद म्हणून जो हाती घेतला त्याच्याही ओळी कोणीतरी मागाहून भरलेल्या निघाल्या. खरे आणि रचलेले यांची सीमारेषा दोन फ्रेम्सच्या मधून जात नाही, ती फ्रेमच्या पोटातून जाते.

मग फैसला कोणत्या कसोटीवर करावा? मला धर्मकीर्तीची कसोटी सर्वांत निर्दोष वाटते. सातव्या शतकातील हा बौद्ध तार्किक म्हणतो की जे अर्थक्रिया करण्यास समर्थ, म्हणजे ज्याच्या ठायी काही घडवून आणण्याचे सामर्थ्य आहे, तेच परमार्थतः सत्. कल्पनेने जोडलेले सामान्य तसे नसते. ही कसोटी लावताच गोंधळ फिटतो. खेळणाऱ्याने बटण दाबले, माउस हलविला, तर त्याच्या त्या कर्माचे फळ पुढच्या रीतसर फ्रेममध्ये उतरते. रचलेल्या तीन फ्रेम्समध्ये ते उतरत नाही, कारण त्या पूर्वी झालेल्या दोन अवस्थांच्या मधल्या आहेत आणि हाताचा हुकूम त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. इतकेच नव्हे, त्यांना जागा करून देण्यासाठी पुढची फ्रेम रोखली गेल्याने फळाला आणखी विलंब होतो. सेकंदाला ६० रीतसर फ्रेम्स असतील तर दोहोंतील अंतर १६.७ मिलिसेकंद असते, तेथे हा विलंब सहज खपून जातो आणि डोळ्याला मात्र २४० चा गुळगुळीतपणा मिळतो. पण मुळात २०च असतील आणि त्यांच्या ८० करून दाखविल्या, तर डोळा ८० पाहतो आणि हात २० च्याही मागे चाचपडत राहतो. पाहणारा आणि करणारा यांच्यात ही जी फाळणी होते, तीच 'खोटी फ्रेम' या शिवीच्या मुळाशी असलेली खरी तक्रार होय. मधली फ्रेम दृष्टीला खरी आहे, कर्माला खोटी आहे.

या कसोटीने मोठ्या कार्डांची मांडणी केली तर जाहिरातीतील क्रम बराच बदलतो. आरटीएक्स ५०९० हे २१,७६० गणनकेंद्रांचे, ३२ जीबीचे कार्ड निर्विवाद अग्रपूजेचे मानकरी आहे, पण २०२५ मध्ये ते बाजारात आले तेव्हा भारतात त्याची किंमत २,१४,००० रुपयांपासून पुढे होती. तेव्हा १,०७,००० पासून किंमत सांगितलेले ५०८० पिढीने नवे असूनही, अदमासाच्या फ्रेम्स बाजूस ठेवल्या तर, जुन्या ४०९० च्या मागेच राहते. आणि ५०७० चा ४०९० शी बरोबरीचा दावा तर रुजवातीला टिकतच नाही. एएमडीने या फेरीत शिखराचा नाद सोडून ५९९ डॉलरांचे १६ जीबी आरएक्स ९०७० एक्सटी काढले, ते मला या साऱ्यांत अधिक प्रांजळ वाटते, जरी फ्रेम्स रचण्याची विद्या त्या घराण्यानेही २०२३ पासून आत्मसात केली आहेच. पारख्याने सरासरीपेक्षा सर्वांत मंद एक टक्का फ्रेम्स कोठे घसरतात हे पाहावे आणि हाताच्या हुकमाला किती मिलिसेकंद लागतात हे विचारावे. बाकीचे आकडे शोभेचे.

येथवरचा विचार बौद्धांच्या बाजूने झाला. पण ज्या जिल्ह्यात नेवासे आहे तेथे एवढ्यावर थांबता येत नाही. प्रवरेकाठी ज्या खांबाला टेकून शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरांनी गीतेवरील टीका सांगितली असे मानतात, तो पैस खांब आजही तेथे पूजिला जातो. आणि त्याच गावी, परंपरेप्रमाणे, निवृत्तिनाथांच्या आज्ञेवरून त्यांनी 'अमृतानुभव' रचला. त्याचे सातवे आणि सर्वांत विस्तृत प्रकरण अज्ञानाच्या खंडनाला वाहिले आहे. जगताच्या भासाला अज्ञान हे कारण मानण्यास ज्ञानेश्वर नकार देतात. एकच वस्तू आपणच द्रष्टा व आपणच दृश्य होऊन, आपल्या स्वरूपाला ढळ न लावता, स्वतःला पाहण्याचे सुख घेते, अशी त्यांची भूमिका आहे, आणि तिला पुढे अभ्यासकांनी चिद्विलास म्हटले. ही भूमिका खेळणाऱ्या मुलाला वेदान्ताच्या रूढ उपदेशापेक्षा अधिक लागू पडते असे मला वाटते. पडद्यापुढे बसलेला तो मुलगा फसलेला नसतो. राक्षस खरा आहे असे त्याला क्षणभरही वाटत नाही; किती बिंदू रचलेले, किती मोजलेले, हे त्याला आपल्या इयत्तेच्या प्रगतिपुस्तकापेक्षा अधिक पाठ असते. जेथे अज्ञानच नाही तेथे भ्रमाचा आरोप कोणावर ठेवावयाचा? जाणूनबुजून मांडलेल्या दृश्यात जाणूनबुजून रमणे हा विलास आहे, आणि विलासाला मिथ्या म्हणून हिणविणाऱ्याने आधी कीर्तनातील आख्यान आणि तमाशातील वग यांचीही तशीच झडती घ्यावी.

मात्र चिद्विलास फुकट असतो, हा विलास फुकट नाही. ५०९० पूर्ण भारावर ५७५ वॅट विजेची मागणी करते. चार तास खेळ चालला तर एकट्या कार्डापोटी २.३ युनिट महावितरणच्या मीटरवर चढतात, आणि ती सारी वीज अखेर उष्णता होऊन त्याच खोलीत पसरते. वैशाखात नगरकडे पारा चाळिशीला टेकलेला असताना पत्र्याखालच्या खोलीत हा शेगडीवजा विलास कसा चालतो, ते ज्याने भोगले त्यालाच ठाऊक! पण विजेच्या बिलापेक्षाही मोठा खर्च तुलनेचा आहे. काल ज्या कार्डावर खेळ सुखाने चालत होता, तो आज त्याच वेगाने, त्याच रंगांत चालत असताना, केवळ शेजारच्या स्तंभात मोठा आकडा छापला गेला म्हणून मंद वाटू लागतो. वस्तूत काही घटले नाही, घटले ते मापात. तृष्णेला नवे विषय लागत नाहीत, तिला नवी कोष्टके पुरतात. याच जिल्ह्यातील हिवरे बाजारात दरवर्षी गावात किती पाणी आहे याचा ताळेबंद आधी मांडतात आणि मग कोणते पीक घ्यावयाचे ते ठरवितात. आमचा ग्राहक नेमका उलट चालतो, आधी कार्ड ठरवितो आणि मग त्याला साजेसा पडदा, त्याला साजेसा वीजपुरवठा, त्याला साजेसा खेळ आणि शेवटी त्याला साजेसा स्वतःचा मोकळा वेळ शोधीत फिरतो. १४४० रेघांच्या पडद्यावर शंभर रीतसर फ्रेम्स ज्याला पुरतात त्याला दोन लाखांच्या कार्डाची गरज नाही, हे वाक्य दुकानदार उच्चारीत नाही, आणि ते त्याचे काम आहे असेही मी म्हणत नाही.

धर्मकीर्तीच्या कसोटीवर मी वर जो निवाडा दिला, तोही कायमचा मात्र समजू नये. त्याच २०२५ च्या जानेवारीत एनव्हिडियाने रिफ्लेक्स २ या नावाखाली 'फ्रेम वॉर्प' ही आणखी एक युक्ती जाहीर केली. तीत, रीतसर काढून तयार झालेली फ्रेम पडद्यावर जाण्याच्या ऐन घटकेला माउसची ताजी स्थिती विचारली जाते, त्याप्रमाणे ते चित्र सरकविले जाते, आणि सरकविल्याने ज्या फटी उघड्या पडतात त्या अदमासाने भरून काढल्या जातात. म्हणजे मूळ फ्रेम निघाल्यानंतर हाताने जे केले, ते मूळ फ्रेममध्ये नाही पण या डागडुजी केलेल्या चित्रात आहे. कर्माला उत्तर देणे हीच सत्याची खूण मानली, तर येथे अस्सल कागद काही मिलिसेकंदांनी शिळा ठरतो आणि दुरुस्त केलेली नक्कल अधिक खरी ठरते. धर्मकीर्तीचा अनुयायी हा निष्कर्ष निमूट स्वीकारील. नैयायिक मात्र त्या भरलेल्या फटींवर बोट ठेवून प्रकरण फेरतपासणीसाठी परत पाठविल्यावाचून राहणार नाही.